सीताफळावरील पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी: फवारण्या वाढवूनही कीड का हटत नाही?

पुरंदर तालुक्यातील एका बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अडीच एकरांत बाळानगर जातीची सात वर्षांची सीताफळाची झाडे आहेत. उन्हाळी बहार धरला आहे. फळे लिंबाहून मोठी झाली असून फळांवर, देठांशी आणि फांद्यांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसू लागला आहे. कृषी सेवा केंद्रातून मिळालेल्या प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांच्या मिश्र औषधाच्या चार फवारण्या झाल्या. प्रत्येक फवारणीनंतर आठवडाभर बाग स्वच्छ वाटली आणि मग कीड पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागली. आता रस्त्याकडेच्या ओळींतील पाने तांबूस-करडी होऊन गळत आहेत. यापेक्षा जालीम औषध कोणते आणि पानांसाठी एखादे टॉनिक द्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी जालीम औषध सुचवणार नाही, आणि टॉनिकाची गरज नाही. आपल्या बागेत दिसणाऱ्या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटत असल्या, तरी दुसरी तक्रार बव्हंशी पहिलीवर केलेल्या उपायातून उद्भवलेली आहे. पांढरा कापूस हा पिठ्या ढेकणाचा, म्हणजे आपण ज्याला मिलीबग म्हणतो त्याचा आहे. पाने तांबूस पडणे हे लाल कोळ्याचे काम असावे. सायपरमेथ्रिनसारख्या कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांनी कोळी फारसे मरत नाहीत, पण कोळ्यांना खाणारे मित्रकीटक व परभक्षी कोळी मात्र साफ होतात. त्यामुळे वारंवार अशी फवारणी झालेल्या बागेत कोळ्यांचा उद्रेक होणे, हे कापसापासून सफरचंदापर्यंत अनेक पिकांत दिसून आलेले आहे.

प्रथम मिलीबगचा विचार करू, कारण मूळ तेथे आहे. प्रादुर्भाव असलेले एखादे फळ तोडून हातात घ्यावे आणि दहापट दाखवणारे भिंग लावून पाहावे. फळाच्या दोन डोळ्यांमधल्या खाचेत, त्यातही देठाच्या खोबणीत, लांबट-गोल आकाराच्या मऊ माद्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील. टाचणीच्या टोकाने कापसाचा पुंजका उकलला तर आत बारीक अंड्यांचा ढीग सापडतो. अंडी आणि चिरडलेल्या मादीचे अंग गुलाबीसर असेल, तर तो बहुधा गुलाबी पिठ्या ढेकूण समजावा. अंगावर काचेच्या तंतूंसारखे केस, पाठीवर दोन गडद पट्टे आणि मागे शेपटीसारखे दोन लांब तंतू असतील, तर तो पट्टेरी पिठ्या ढेकूण होय. सीताफळावर हे दोन्ही येतात, शिवाय लिंबूवर्गीय झाडांवरचा पिठ्या ढेकूणही येतो. एकाच फळावर दोन जाती सापडणे मुळीच नवलाचे नाही. व्यवस्थापन जवळपास सारखेच असल्याने जातीच्या नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र पट्टेरी जातीची अंडी घातल्यावर काही तासांतच फुटतात, तर गुलाबी जातीची फुटायला साधारण आठवडा लागतो. फवारणीनंतर आठवड्याने कीड परत आल्यासारखी वाटते, त्याचे मोठे कारण यात आहे. ती बाहेरून परत आलेली नसते. कापसाच्या पिशवीत सुरक्षित राहिलेल्या अंड्यांतून निघालेली असते.

गुलाबी जातीची एक मादी तीनशे ते सहाशे अंडी घालते आणि उष्ण हवामानात तिची पिढी महिनाभरात पूर्ण होते. मादीला पंख नसतात. वाढलेल्या मादीच्या अंगावर मेणाचा थर असतो, अंडी मेणाच्याच पिशवीत असतात, आणि दोन्ही फळाच्या खाचेत दडलेली असतात. पंपाचे पाणी फळाच्या डोळ्यांवरून ओघळून जाते, खाचेत उतरत नाही. औषधाला खरोखर बळी पडते ते नुकते निघालेले, अंगावर मेण न चढलेले, रांगणारे पिल्लू, आणि ते या उघड्या अवस्थेत काही दिवसच असते. म्हणून औषध बदलून किंवा मात्रा वाढवून फरक पडत नाही. फवारणी पिल्लांच्या वेळी झाली का आणि पाणी खाचेत पोहोचले का, यावर सारे अवलंबून असते. तरीही फवारणी हा उपायाचा लहान भाग आहे. मोठा भाग बुंध्याशी आणि जमिनीवर आहे, आणि नेमका तोच बहुतेक बागांत राहून जातो.

बहार संपल्यावर ही कीड नाहीशी होत नाही. सालीच्या भेगांत, बुंध्याजवळच्या मातीत, पालापाचोळ्याखाली आणि झाडावर तशाच लटकत राहिलेल्या काळ्या, वाळून दगडासारख्या झालेल्या फळांत ती तग धरते. छाटलेल्या फांद्या बांधावर रचून ठेवल्या असतील, तर तेथेही राहते. कुंपणाला सुबाभूळ असेल, घराशेजारी जास्वंद असेल, पलीकडे पेरू किंवा भेंडी असेल, तर तिला वर्षभर घर मिळते. जानेवारी-फेब्रुवारीत आपण पाणी सोडतो, झाडाला नवी फूट येते, आणि पिल्ले बुंध्यावरून वर चढू लागतात. त्या वेळी ती कोणाच्या नजरेत येत नाहीत, कारण कापूस अजून धरलेला नसतो. कापूस दिसतो तोवर एक-दोन पिढ्या होऊन गेलेल्या असतात.

आता मुंग्यांकडे यावे लागेल. मिलीबग झाडाचा रस शोषतो आणि जादा साखर चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतो. त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि फळाला बाजारात मार बसतो. तोच चिकटा काळ्या मुंग्यांचे अन्न आहे. मुंग्या मिलीबगच्या वसाहतीची राखण करतात, त्यांच्यावर येणारे भुंगेरे व परोपजीवी (किडीच्या अंगात वाढून तिला मारणाऱ्या) माश्या हुसकावून लावतात आणि पिल्लांना नव्या फुटीवर नेऊन सोडतात. बागेत फिरताना मी फळाआधी बुंधा पाहतो. बुंध्यावर मुंग्यांची वर-खाली जाणारी अखंड रांग असेल, तर वर कोठेतरी मिलीबग आहे, हे फळाला हात न लावता सांगता येते. ही रांग तोडल्याशिवाय वर कितीही फवारले, तरी मित्रकीटकांना काम करायला जागाच मिळत नाही.

रांग तोडण्याचा उपाय स्वस्त आहे, पण चिकाटी मागतो. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बुंध्याभोवती वीतभर रुंदीची जाड प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी, वर-खाली सुतळीने आवळावी आणि पट्टीखालच्या सालीच्या भेगा ओल्या चिकणमातीने लिंपून घ्याव्यात. तसे न केल्यास मुंग्या भेगेतून पट्टीखालूनच निघून जातात. पट्टीच्या मधोमध ग्रीसचा जाड थर द्यावा. ग्रीस थेट सालीवर लावू नये, साल भाजल्यासारखी होऊन मरते. चैत्र-वैशाखातील वाऱ्याने ग्रीसवर धूळ बसते आणि दहा-पंधरा दिवसांत मुंग्या त्या धुळीच्या पुलावरून पार होतात, म्हणून थर पुन्हा द्यावा लागतो. पुरंदरच्या बऱ्याच बागांत सीताफळाला जमिनीलगतच पाच-सहा खोडे असतात. अशा झाडाला एकच पट्टी बांधून चालत नाही, प्रत्येक खोडाला बांधावी लागते. जमिनीला टेकलेली किंवा शेजारच्या झाडाला भिडलेली एक फांदी जरी राहिली, तरी सर्व पट्ट्या व्यर्थ जातात. म्हणून पुढील छाटणीत जमिनीपासून दोन फुटांपर्यंतचे फुटवे काढून झाड एक-दोन खोडांवर आणावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. पाऊस लागल्यावर पट्ट्या काढाव्यात. त्याखाली ओल राहून साल कुजते.

बुंध्याभोवती टाकण्यासाठी पूर्वी मिथिल पॅराथिऑन भुकटी आणि फवारणीसाठी डायक्लोरव्हॉस सुचवले जात असे. जुन्या पत्रकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ही नावे अजूनही असतात. मिथिल पॅराथिऑनवर २०१८ च्या केंद्रीय आदेशाने बंदी आली आणि डायक्लोरव्हॉस त्याच आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. कोणी जुना साठा देऊ केला तरी घेऊ नये.

आता आज, मे महिन्यात, फळ झाडावर असताना काय करावे? पहिल्या दोन दिवसांत झाडनिहाय पाहणी करून जास्त प्रादुर्भावाच्या झाडांना फडके बांधून खूण करावी. सर्व बागेत कीड सारखी कधीच नसते. बहुधा मुंग्यांच्या वारुळाजवळची, बांधाकडची आणि दाट झालेली झाडे पुढे असतात. खूण केलेल्या झाडांवरील पूर्ण माखलेली फळे मोह न धरता तोडावीत, पोत्यात भरून बागेबाहेर न्यावीत आणि खोल खड्ड्यात पुरावीत. असे फळ बाजारात नेल्यास त्याला भाव मिळत नाही, आणि झाडावर ठेवल्यास शेजारची चार फळे जातात. काही जण तोडणीनंतर हवेच्या झोताने कापूस उडवून फळ साफ करतात. क्रेट नीटनेटके दिसण्यापुरता त्याचा उपयोग आहे, पण ते काम बागेत उभे राहून करू नये, कारण उडालेली पिल्ले दुसऱ्या झाडावरच बसतात.

त्यानंतर खूण केलेल्या झाडांवर पोटॅशियमयुक्त कीटकनाशक साबण किंवा फिश ऑइल रोझिन सोप यांची, डब्यावर दिलेल्या मात्रेत, सायंकाळी ऊन उतरल्यावर फवारणी करावी. साबण मेणाचा थर मोडतो आणि पिल्ले गुदमरतात. भर उन्हात साबण किंवा तेल मारल्यास कोवळी पाने करपतात, म्हणून आधी दोन फांद्यांवर मारून एक दिवस थांबणे शहाणपणाचे आहे. नोझल फळाच्या जवळ नेऊन देठाच्या बाजूने खाली आणि खालून वर असे दोन्हीकडून फवारावे. लांबून गन फिरवून झाड ओले दिसते, खाच कोरडी राहते. आठ-दहा दिवसांनी हीच फवारणी पुन्हा करावी, कारण तोवर उरलेल्या अंड्यांतून पिल्ले निघालेली असतात.

रासायनिक औषधांपैकी ब्युप्रोफेझिन हे पिल्लांना कात टाकू न देणारे, भुंगेऱ्यांच्या प्रौढांना तुलनेने सौम्य असे औषध आहे आणि द्राक्षात मिलीबगसाठी वापरले जाते. मात्र सीताफळासाठी नोंदणी असलेली औषधे अगदी मोजकी आहेत. जे औषध या पिकाच्या लेबलावर नाही, ते फळ तोडणीला आलेले असताना मी लिहून देणार नाही. वापरापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून किंवा कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीवरून खात्री करून घ्यावी. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी करण्याचा, म्हणजे ते पाण्यातून मुळांशी देण्याचा, सल्लाही आपल्याला मिळाला असेल. फळ असताना आळ्यातून आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे, औषध देणे म्हणजे ते खाणाऱ्याच्या ताटात वाढणे आहे. शिवाय या गटातील औषधांनंतरही कोळी वाढल्याची उदाहरणे आहेत.

कोळ्यांसाठी आधी खात्री करावी. तांबूस पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे आणि कागद थोडा वेळ उन्हात स्थिर धरावा. टाचणीच्या टोकाएवढे तांबडे-पिवळे ठिपके चालू लागले तर कोळी आहेत. भिंगातून पाहिल्यास आठ पाय, पानाच्या मागे शिरेलगत बारीक जाळे आणि काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी दिसतात. कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे बहुतेक कीटकनाशके त्याला लागू पडत नाहीत. आपल्याकडे रस्त्याकडच्याच ओळी आधी तांबूस झाल्या, यातही कोडे नाही. कोरडी हवा आणि पानावरची धूळ कोळ्याला मानवते. त्या ओळींची पाने आठवड्यातून दोनदा, सकाळी, नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खालून धुतली, तरी संख्या लक्षणीय उतरते. पाण्याची सोय नसेल तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, वापरण्याची जुनी पद्धत आहे. पण पारा ३५ अंशांवर असताना गंधकाने पाने व फळे भाजतात, आणि तेल किंवा साबणाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवडे ते मारता येत नाही. आपल्या परिस्थितीत साबण आधी लागणार असल्याने मी गंधक बाजूला ठेवून पाण्यावरच भर देईन. पायरेथ्रॉइड थांबवले आणि जूनमध्ये पाऊस नीट लागला, तर कोळी आपोआप मागे हटतात. टॉनिक देऊन नत्र वाढवले, तर मऊ फूट येते आणि मिलीबग व कोळी दोघांचीही मेजवानी होते.

आपल्याकडे अंजीरही असेल, तर एवढेच लक्षात ठेवावे की अंजिराच्या पानांवरील पिवळे-हिरवे चट्टे पसरवणारा कोळी निराळा आहे. तो भिंगातूनही कष्टानेच दिसतो आणि मोझॅक विषाणूचा वाहक आहे. त्याचा सीताफळाशी संबंध नाही.

पाऊस सुरू झाल्यावर मित्रकीटकांची वेळ येते. क्रिप्टोलीमस हा मूळ ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला. प्रौढ भुंगेरा काळपट, नारिंगी डोक्याचा आणि तीन-चार मिलिमीटरचा असतो. त्याची अळी मात्र अंगभर पांढऱ्या मेणाच्या झालरी घेऊन फिरते आणि थेट मोठ्या मिलीबगसारखी दिसते. मजूर बहुधा हिलाच ‘मोठा ढेकूण’ म्हणून चिरडतात. फरक सोपा आहे: मिलीबग जागेवर बसून राहतो, ही अळी बोट लावताच लगबगीने पळते, आणि तिच्या झालरी लांब व विस्कटलेल्या असतात. बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अळी एकदा हातावर घेऊन दाखवावी. मिलीबगच्या कापसात लपून त्यांनाच खाणारी एका लहान फुलपाखराची अळीही सीताफळावर सापडते. तिचा कोष समोरून पाहिला, तर माकडाचे तोंड कोरल्यासारखे दिसते. असा कोष सापडल्यास ती फांदी तशीच राहू द्यावी.

क्रिप्टोलीमस सोडायचे असतील तर मेच्या उन्हात सोडू नयेत. ३५ अंशांपुढे ते टिकत नाहीत किंवा उडून जातात. शेवटच्या रासायनिक फवारणीनंतर किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत, मुंग्यांची रांग तोडलेली असावी आणि झाडावर थोडा तरी मिलीबग असावा, कारण मादी आपली अंडी त्याच्याच अंड्यांच्या पिशवीत घालते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप पाहून, खूण केलेल्या झाडांवर झाडामागे पाच ते दहा भुंगेरे सायंकाळी सोडावेत. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणाचे काम अनेक वर्षांपासून चालते. तेथे व खासगी प्रयोगशाळांत उपलब्धतेची आधी चौकशी करून मगच दिवस ठरवावा. याच काळात हवा दमट असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीला मारणारी बुरशी, लिटरला चार ते पाच ग्रॅम या प्रमाणात, सायंकाळी फवारता येते. तिला दमट हवा लागते, म्हणून एप्रिलमध्ये तिच्यावर खर्च केलेला पैसा वाया जातो. तिच्या आगे-मागे बुरशीनाशक मारू नये, हे सांगायला नको, पण तसे घडते.

जैविक उपायांनी खरेच भागते का, अशी शंका आपल्या मनात असेल, तर पपईचे उदाहरण पाहावे. पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळला, २०१० पर्यंत पुणे परिसरातील पपईतही पोहोचला, आणि औषधांचा मारा करूनही बागा उपटाव्या लागल्या. २०१० मध्ये पोर्टो रिको येथून ॲसेरोफॅगस पपाये ही सूक्ष्म परोपजीवी माशी आणून बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत सोडण्यात आली, आणि थोड्याच काळात त्या किडीचा जोर ओसरला. सीताफळावर एकाच माशीने एवढे काम होणार नाही, कारण येथे मिलीबगच्या जाती अनेक आहेत. पण फवारणी थांबवल्यावर निसर्गतः येणाऱ्या परोपजीवी माश्या इथेही आहेत.

फळमाशी आणि फळ पोखरणारी अळी यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी पावसाळ्यात त्यांचा उपद्रव होईल म्हणून थोडे लिहितो. फळमाशी पक्व होऊ लागलेल्या फळाच्या सालीत अंडी घालते. मिथिल युजेनॉल या नरांना ओढणाऱ्या गंधद्रव्याच्या सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे एकट्याने लावून फार उपयोग होत नाही. शेजारच्या चार-पाच बागांनी मिळून एकरी चार ते सहा सापळे जूनच्या सुरुवातीपासून लावावेत. गळालेली फळे रोज वेचावीत, कारण अळ्या मातीत जाऊन कोषात जातात. पोखरणाऱ्या अळीचे फळ डोळ्यांच्या मधून लोंबणाऱ्या विष्ठेच्या भुशावरून ओळखू येते. ते तोडून पुरणे, एवढाच व्यवहार्य उपाय आहे.

पुढील बहाराची तयारी तोडणी संपताच सुरू होते. झाडावर लटकलेली काळी, वाळलेली फळे एकूण एक काढावीत. छाटणी करून मधला भाग मोकळा करावा, म्हणजे हवा व ऊन खोडापर्यंत पोहोचेल. छाटलेल्या फांद्या बांधावर न ठेवता बागेबाहेर न्याव्यात. बुंध्याची सुटी साल हलक्या हाताने घासून घ्यावी आणि खोडाला दहा टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावावी. ताणाच्या, म्हणजे पाणी बंद ठेवण्याच्या, काळात आळ्यातील माती उकरून दोन-तीनदा उन्हात तापू द्यावी आणि मुंग्यांची वारुळे खणून मोडावीत. पाणी सोडण्याच्या आधी, मागून नव्हे, पट्ट्या बांधून व्हाव्यात. पहिली फूट आल्यावर दर आठवड्याला वीस झाडांचे बुंधे व कोवळे शेंडे पाहावेत आणि पहिल्या पिल्लांवर, फुले उमलण्यापूर्वी, साबणाची फवारणी करावी.

फुले उमलण्यापूर्वी, असे मी जाणूनबुजून म्हटले. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतात व परागकण नंतर मोकळे होतात, आणि एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलात नेण्याचे काम मधमाशी करत नाही, बारीक भुंगेरे करतात. ते पाकळ्यांच्या आत दडून बसतात आणि कोणाच्या लक्षात येत नाहीत. फुलोऱ्यात पायरेथ्रॉइड मारलेल्या बागेत फळधारणा कमी होते आणि जी फळे लागतात ती वाकडी, एका अंगाने खुरटलेली असतात, कारण सर्व डोळ्यांना पराग मिळालेले नसतात. आपल्या चारपैकी एखादी फवारणी फुलोऱ्यात झाली असेल, तर यंदा वेडीवाकडी फळे अधिक का, याचा शोध दुसरीकडे घ्यायला नको. फवारण्यांच्या तारखा वहीत असतील, तर फळे मोजताना त्या समोर ठेवून पाहाव्यात.